एझ्राची पाचवी खिडकी

शरयूकाकूंना कुणी लबाड म्हटलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं, पण एझ्रा व्हिटनला म्हटलेलं त्यांना खपत नसे. हा माणूस दीडशे वर्षांपूर्वी न्यू जर्सीत घोडागाड्या रंगवून पोट भरायचा आणि रविवारी पडायला आलेल्या इमारतींची चित्रं काढायचा. गाव त्याला हसायचं. ‘मनाच्या खिडक्या घालतो,’ असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तिथल्याच म्युझियममधल्या त्याच्या चित्रांवर काकू वर्षभर खपल्या होत्या, आणि आता तेच वाक्य प्रदर्शनाच्या फलकावर चढणार होतं.

फलक लिहिला होता म्युझियमची प्रमुख अंतरा हिनं. काकूंच्या मैत्रिणीचीच लेक.

“काकू, फोटो बघा ना. टॅव्हर्नला चार विंडोज आहेत, यानं पाच काढल्यात. तो इमॅजिन करायचा. उद्या प्रिंटला जातंय.”

“फोटो तीस वर्षांनंतरचा आहे. तोवर एखादी बुजवली असेल.”

“पण प्रूफ?”

काकूंनी चष्मा कपाळावर चढवून चित्राला जवळजवळ नाक लावलं. चित्रातल्या भिंतीच्या पायाशी ओळीनं टाचणीची बारीक भोकं होती.

“ते इन्सेक्ट डॅमेज आहे,” अंतरा म्हणाली.

“किडीला एवढी शिस्त असते होय गं?” चाळीस वर्षं दारात ठिपक्यांची रांगोळी काढलेली बाई ती, सारखं अंतर तिला लगेच कळलं. “एका पावलाला एक भोक. भिंत मोजलीय त्यानं. दारापासून पाचवी खिडकी एकविसाव्या ठिपक्यावर. चल, गाडी काढ.”

चित्रातल्या त्या टॅव्हर्नच्या, जुन्या सराईच्या, इमारतीत आता पिझ्झाचं दुकान होतं. काकूंनी आधी रुंद दार मोजलं. चित्रात दाराखाली एझ्राची तीन पावलं, त्यांची भरली चार. म्हणजे त्याच्या एकविसाला आपली अठ्ठावीस. पदर खोचावा तसा स्वेटर खोचून त्या भिंतीकडेनं चालल्या आणि थांबल्या.

“इथं.”

आतून ती जागा कोठीत येत होती. मालकानं कुरकुरत टोमॅटोचे डबे हलवले. मागच्या भिंतीला गिलावा नव्हता. जुन्या लाल विटांमध्ये फिकट विटांचा उभा चौकोन होता आणि वर काळी पडलेली लाकडी तुळई.

अंतरानं फोन काढला, फलकाच्या मजकुरातलं ते वाक्य खोडलं.

“काय लिहू, काकू?”

“लिही, तो मोजायचा,” काकू म्हणाल्या. “आणि आपण कुणी मोजून पाहिलं नाही, तेही लिही.”