ताठ नळी

मित्रांनो, मी एक जुना रबराचा फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे. बीपी मोजायच्या यंत्राला लोंबतो ना, मुठीत मावणारा, काळा, तो.

भूकंपाच्या साली किल्लारीकडच्या एका तंबूत मी शरणम्मा सिस्टरच्या मुठीत होतो. ती मला दाबायची, दंडावरचा पट्टा फुगायचा, मग ती ठोके ऐकायची. काही दंडांत ठोका नव्हताच. तरी ती परत परत दाबायची. ते दंड मला अजून सोडत नाहीत.

पुढे यंत्र भंगारात गेलं. लातुरात पंपदुरुस्ती करणाऱ्या चांदपाशांनी मला उचललं. त्यांची लेक लुबना डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी क्लासला जायची. तिथल्या शिवलिंग सरांना हृदयाचं मॉडेल हवं होतं. चांदपाशांनी मला मागं-पुढं झडपा बसवल्या, मऊ रबरी नळी जोडली, तिचं टोक बारीक ठेवलं. मी हृदयाचा रक्त फेकणारा कप्पा, नळी म्हणजे रोहिणी. मला दाबलं की पाण्यानं नळी फुगायची. सोडलं की आवळायची आणि साठलेलं पाणी पुढं ढकलायची. धार तुटायची नाही. माझं निम्मं ओझं नळीच वाहायची, मित्रांनो.

सरांना ते पसंत पडलं नाही. "चांदपाशाभाई, हे तर नळ गळल्यासारखं दिसतंय. पोरांना जोर दिसला पाहिजे!" त्यांनी कडक प्लॅस्टिकची नळी लावली. पाणी चिळकांड्या मारत उडू लागलं. टाळ्या पडल्या. जाहिरातीत माझा फोटो छापला.

"सर, पाणी उडून राह्यलं म्हणून जोर समजू नका," चांदपाशा म्हणाले. "नळी ताठली की फुगा मरतो."

"पेपरात येत न्हाई ते."

लुबनानं दोन्ही नळ्या लावून मला दाबून पाहिलं होतं. कडक नळीला तिचं मनगट भरून आलं; रोहिण्या ताठल्या की बीपी असंच चढतं, हे तिला कळलं. सरांचं डोकं रोज दुखतं, हेही तिनं पाहिलं होतं. "सर, तुमचं बीपी बघा ना एकदा."

"मला काय धाड भरली? किल्लारीच्या ढिगाऱ्यातून निघालेला माणूस हाय मी!"

वर्ग हसला. पण मला ठाऊक होतं. सर मला धरायचे तेव्हा त्यांच्या बोटांतली नाडी माझ्या अंगावर आदळायची. ढिगाऱ्याखालून कुणी दगडावर दगड आपटावा तशी. जन्म ठोक्यांत गेला माझा, आणि तोंड नाही मला.

एका सोमवारी शिकवता शिकवता त्यांची मूठ सैल पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पोरांना वाटलं, सर रोग्याची नक्कल करून राहिलेत. टाळ्या पडल्या. लुबना तेवढी धावली. तिसऱ्या दिवशी सर गेले.

क्लासनं काय केलं? सरांच्या फोटोला हार घातला आणि त्याखाली मला काचेच्या पेटीत ठेवलं, त्याच कडक नळीसकट. आता मला कुणी शिवत नाही. तरी भरदुपारी, वर्ग रिकामा असला की, माझ्या अंगावर बोटं रुततात. ठोका येतो. कुणाचा, ते मी ओळखतो.

जुन्या वस्तू जपा, असं आत्मकथेच्या शेवटी सांगायची आम्हा वस्तूंची रीत. मी नाही सांगणार. माझ्यावर धूळ बसू द्या. तुम्ही घरी जा. बाप मोठ्यानं ओरडतो, दणादण जिना चढतो, म्हणून तो ठणठणीत आहे असं समजू नका. "मला काय झालंय?" म्हणाला तर भांडा. हसला तर हसू द्या. पण दंड धरून खाली बसवा त्याला, आणि पट्टा बांधा.