ऐंशीव्या अक्षराच्या पलीकडे

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे. मी जाड काचेचा, काळ्यावर हिरवी अक्षरे उमटवणारा पडदा. कचेरीत मला टर्मिनल म्हणतात. येत्या शनिवारी मला भंगारवाला नेणार आहे, म्हणून त्याआधी माझी कहाणी सांगून टाकतो. ती गोड नाही. गोड कहाण्या सांगायला छत्र्या आहेत, शाळेच्या घंटा आहेत. त्या हव्या असतील तर खुशाल त्यांच्याकडे जा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. माझ्या पोटात तारा भरल्या, पाठीला जाळीचे झाकण लावले, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या एका तपासनिसाने माझ्यावर आडव्या चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे उमटवून पाहिली. एकही अक्षर अडखळले नाही. तो म्हणाला, "हा वीस वर्षं कुरकुरणार नाही." मी तीस वर्षे कुरकुरलो नाही. कुरकुरलो असतो तर बरे झाले असते.

मला जिथे बसवले, ते अनाथ मुलांच्या नोंदणीचे कार्यालय होते. ज्या मुलांना आईबाप उरले नाहीत, त्यांना कोणत्या बालगृहात ठेवले, कोणी दत्तक घेतले, हे सगळे तिथे नोंदले जाई. नोंदी माझ्यात नव्हत्या बरे का. त्या तळघरात, चार कपाटांएवढ्या थोरल्या यंत्रात असत. ते यंत्र माणसांना कधी दिसत नसे. लोक माझ्याकडे बघत आणि म्हणत, "कॉम्प्युटर असं म्हणतो." मी काही म्हणत नव्हतो. मला सांगितले तेवढे दाखवत होतो.

आता कसे दाखवायचे, हे मात्र समोर बसलेल्या माणसाने ठरवायचे असे. एक रीत होती एकेरी. त्यात एकच मूल माझ्यावर येई, वरपासून खालपर्यंत. नाव, वय, कुठे सापडले, कोणते दुखणे, भावंडे कोण, शेरा काय, सगळे एकाखाली एक. दुसरी रीत होती तक्त्याची. तिच्यात एका वेळी वीस मुले, प्रत्येकाला एक ओळ. पण ओळ लांब आणि माझी छाती ऐंशी अक्षरांची. क्रमांक, नाव, वय आणि बालगृह एवढे मावले की मी भरलो. भावंडे आणि शेरा उजवीकडे, माझ्या काठाबाहेर राहत. ते बघायचे तर एक बटण दाबून सगळा तक्ता डावीकडे सरकवावा लागे. फक्त एक बटण.

माझ्यासमोर पहिली सतरा वर्षे एक बाई बसत. सगळे त्यांना एकेरीबाई म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. साधा एका मुलाचा पत्ता विचारला, तरी बाई त्याची नोंद एकेरीत उघडत आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणत, "बाई, आज तरी जेवायच्या सुट्टीच्या आत होईल ना?" बाई म्हणत, "तुझ्या पोराची नोंद असती, तर तू घाई केली असतीस का?" मग तो आपल्या कागदांकडे वळे. बाई रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसत. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

मग बाई कचेरीच्या जिन्यावरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तीन महिने त्या आल्या नाहीत. नेमके त्याच महिन्यात एका बालगृहातल्या मुलग्यांच्या इमारतीचे छत खचले आणि एक्केचाळीस मुलगे एका दिवसात दुसरीकडे हलवायचे ठरले. काम आले नव्या साहेबांकडे. साहेब हुशार होते, वाईट नव्हते. पण घाई त्यांच्या अंगात मुरलेली होती. चहासुद्धा उभ्याउभ्या पीत. एका कारकुनाने भीत भीत विचारले, "साहेब, एकेकाची नोंद उघडून बघू का?"

"एक्केचाळीस नोंदी? संध्याकाळ होईल! तक्ता लावा आणि सरका बाजूला. मी दाखवतो कसं करायचं."

साहेबांनी तक्ता लावला. जुन्या बालगृहाची खूण पाच अक्षरी होती, नव्यांची दोन अक्षरी. साहेब जुन्या खुणेवर नवी खूण लिहीत, तेव्हा मागे तीन अक्षरे उरत. ती काढायला त्यांनी एक बटण शोधले, 'पुढचे पुसा' असे लिहिलेले. दोन अक्षरे लिहायची, ते बटण दाबायचे, खालच्या ओळीवर जायचे. झटपट काम. माझ्यावर सगळे कसे स्वच्छ दिसत होते. पण मित्रांनो, माझा काठ संपला म्हणून ओळ संपत नाही. ते बटण ओळीच्या टोकापर्यंत पुसत होते. भावंडे गेली, शेरे गेले. एक्केचाळीस वेळा. मी एकदाही ओरडलो नाही, कारण चूक झाली तरच मला पीप करता येते, आणि नियमाप्रमाणे हे सगळे बरोबर होते.

वीस मिनिटांत काम झाले. वरच्या साहेबांनी येऊन पाठ थोपटली. पाठ थोपटली ती घाईसाहेबांची, पण मूर्खासारखा मीही खूश झालो होतो.

त्या एक्केचाळिसांत एक तीन वर्षांचा मुलगा होता. त्याची सात वर्षांची बहीण त्याच आवारात, मुलींच्या इमारतीत राहत होती. बाईंनी त्याच्या शेऱ्यात लिहिले होते, "बहीण याच आवारात. दोघांना वेगळे पाठवू नये." आता तो शेरा उरला नव्हता. पाच वर्षांखालची मुले लांबच्या बालगृहात जायची होती, त्यांच्यात तोही गेला.

बहीण ओरडली नाही का? ओरडली. दोन दिवस जेवली नाही. तिथल्या मावशींनी कचेरीत फोन केला. घाईसाहेबांनी मुलाची नोंद पाहिली, भावंडांचा रकाना कोरा होता. बहिणीची नोंद उघडली असती, तर तिथे भावाचा क्रमांक ठळक होता. ती उघडायचे कोणाला सुचले नाही.

"मावशी, इथं काही नाही," साहेब म्हणाले. "मुलं काय, ज्याला त्याला भाऊ म्हणतात. होईल दोन दिवसांत शांत."

दोन महिन्यांनी एका जोडप्याने त्या मुलाला दत्तक घेतले. चांगली माणसे होती. त्यांनी मुद्दाम विचारले होते, "याला भावंडं आहेत का? असतील तर दोघांना नेऊ." मी पुन्हा तो कोरा रकाना दाखवला. ही एक गोष्ट मला अजून सोसत नाही.

बाई काठी टेकत परत आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आले. थोरल्या यंत्राच्या नोंदींची दरमहा नक्कल निघे, पण जुन्या नकलेवरच नवी, त्यामुळे जुने काही उरले नव्हते. बाईंनी आठवून, बहिणीभावांच्या नोंदी ताडून, बालगृहांना फोन करकरून नऊ मुलांची भावंडे हुडकली. आठ जणांच्या रकान्यांत परत लिहिली. नववा हा. दत्तक गेलेल्या मुलाच्या नोंदीला कुलूप लागते, नव्या आईबापांचा पत्ताही मग कचेरीला मिळत नाही. फक्त शेरा तेवढा उघडा राहतो. बाईंनी शेऱ्यात लिहिले, "याला सख्खी बहीण आहे. क्रमांक ३११८. हा कधी विचारायला आला तर जरूर सांगावे."

झाल्या गोष्टीवरून घाईसाहेबही वरमले. त्यांनी एक सुधारणा करून घेतली. भावंडांच्या रकान्यात काही असेल, तर तक्त्यात नावाआधी एक चांदणी उमटायची. "आता चांदणी बघा आणि सांगा. एकेरीची कटकटच नको," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "साहेब, शेऱ्याला चांदणी नाही." साहेब तोवर जिन्यात पोचले होते. दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर माझी काच कोणी पुसली नाही. लोक बोटाने धूळ सारून वाचत.

मला खाली, चौकशीच्या खिडकीपाशी हलवले. तिथे जे गृहस्थ बसत त्यांना सगळे काका म्हणत. जीव लावणारा माणूस. एक दिवस एक मुलगी आली, अठरा पूर्ण झाल्याचा दाखला हातात घेऊन. काकांनी तिची नोंद उघडली. कागदपत्रे जोडायची होती म्हणून एकेरीतच उघडावी लागली.

"पोरी, तुला भाऊ आहे की गं!"

"मला माहीत आहे, काका. कुठं आहे ते सांगा."

काकांचा चेहरा उतरला. दत्तक गेलेल्याचा पत्ता देता येत नाही, असा नियम आहे. "पण त्यानं स्वतः येऊन विचारलं, तर त्याच मिनिटाला तुझा पत्ता देईन. शब्द देतो." तिने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. काकांनी ती ड्रॉवरमध्ये, आपल्या डब्याच्या बाजूला ठेवली.

तेव्हापासून ती दर वर्षी येई. आधी नोकरी बदलली म्हणून, मग खोली बदलली म्हणून. नवी चिठ्ठी देई, जुनी परत नेई, आणि विचारी, "आला होता का?" काका म्हणत, "येईल गं. मोठा होऊ दे जरा." तिचे लग्न ठरले तेव्हा ती म्हणाली, "सासरचा पत्ता आहे हा. मोठ्या अक्षरात लिहिलाय." काकांनी डोळे टिपले.

यंदा तो आला.

उंच, हडकुळा मुलगा, सोबत त्याची आई. आईच्या हातात दत्तकाचा जुना कागद होता आणि त्यावर त्याचा क्रमांक. रांग दारापर्यंत गेली होती. मागून कोणीतरी म्हणत होते, "अहो, आवरा लवकर." काकांनी क्रमांक टाकला आणि सवयीने तक्ता लावला. मी त्याची ओळ दाखवली. क्रमांक, नाव, वय, बालगृह. चांदणी नाही.

"माझं मागं कुणी होतं का?" त्याने विचारले. "म्हणजे, मला उगाच वाटतं, कुणीतरी माझ्या बुटाची नाडी बांधून द्यायचं. माझ्याहून थोडंसंच मोठं कुणीतरी."

काकांनी माझ्याकडे पुन्हा एकदा नीट बघितले. मी जीव तोडून जळत होतो, पण ऐंशी अक्षरांपुढे माझ्यात जागा नाही. एक बटण, काका. एकदाच उजवीकडे बघा.

"नाही बाळा," काका फार हळुवार आवाजात म्हणाले. "तू एकटाच होतास."

आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बघ, मी म्हटलं नव्हतं? इतक्या लहानपणीचं काय आठवतंय! एखाद्या मावशी असतील." तो मान हलवून हसला, काकांचे आभार मानले आणि रांगेतून वाट काढत निघून गेला. पुन्हा यायचे त्याला आता काही कारण नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागावे अशी आम्हा वस्तूंची रीत असते. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मला न्यायचे तर खुशाल न्या. माझ्या जागी येणारा पडदा रुंद आहे म्हणतात. पण त्यालाही काठ असेल, आणि समोर घाईची माणसेच असतील. तुम्ही मोठे व्हाल, अशा खिडक्यांमागे बसाल. कोणी येऊन आपल्या माणसाबद्दल विचारले, तर "नाही" म्हणण्याआधी त्याची सगळी नोंद उघडा, रांग कितीही ओरडली तरी.

काल ती आली होती. कडेवर तान्हे बाळ होते. तिने चिठ्ठी पुढे केली आणि विचारले, "काका, आला होता का?"

काकांनी बाळाच्या गालाला बोट लावले. "नाही गं पोरी, अजून नाही," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून खरे बोलत होते.