साठच्या अलीकडची खूण

मित्रांनो, मी कंपासपेटीत मावणारा नाही. फळ्यावर धरायचा, मूठ असलेला जुना लाकडी कोनमापक आहे मी. माणिकपूरच्या सॅन्टन सुताराने मला सागाच्या फळीतून कापले. खाली आधाराला बोटभर पट्टी ठेवली आणि तिच्या वर, शून्याच्या रेघेवर, केंद्राचे भोक पाडले. "मास्तर, ही पट्टी मापात धरू नका हां," असे त्याने विलास सरांना बजावले होते.

सरांनी मला तीस वर्षे वापरले. मुले मला सरांचा अर्धा पापड म्हणत. अंश असताना रेडियन कशाला, म्हणून कुरकुरतही. मग सर केंद्राच्या भोकापासून काठापर्यंत दोरा ताणत, तेवढाच कापत आणि माझ्या गोल काठावर बसवत. दोरा संपे तिथवरचा कोन म्हणजे एक रेडियन.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे एव्हरशाईन सिटीतल्या घरीच असायचो. शेवटच्या वर्षी सर विसरू लागले. चहा घेऊन पुन्हा चहा मागत, नात खुशीला मुलीच्या नावाने हाक मारत. एका सकाळी त्यांनी मला मांडीवर घेतले आणि साठच्या जरा अलीकडे लाल रेघ ओढली. खुशीला अकरावीत लागेल, म्हणाले.

त्यांची मुलगी हेमांगी ऑफिसला निघाली होती. तिने त्यांच्या हातातले पेन हळूच काढून घेतले. "बाबा, साठ तिकडे आहेत. राहू द्या आता."

"दोरा लावून बघ गो," सर म्हणाले. तिने मला कपाटावर ठेवले.

पावसाळा संपता संपता सर गेले. महिन्याभराने खुशी रेडियनपाशी अडली आणि तिने मला खाली काढले. हेमांगीने माझ्या खालच्या कडेपासून वरच्या काठापर्यंत दोरा ताणला, कापला, गोलावर बसवला. तो बरोबर साठवर संपला. ती उठून लाल रेघ पुसायला ओला फडका घेऊन आली.

"आई, थांब. तू पट्टीसकट मोजलंस. केंद्र त्या भोकात आहे."

दोरा बोटभर तोकडा झाला. आता तो सत्तावन्नच्या किंचित पुढे, नेमका लाल रेघेवर संपला. खुशीने तो तसाच पुढे सरकवत नेला. अर्ध्या वर्तुळात तीनदा बसला, वर थोडा काठ उरला. एकशे ऐंशी अंश म्हणजे तीनाहून थोडे जास्त, पाय (π) रेडियन, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

हेमांगीने फडका बाजूला ठेवला आणि लाल रेघेवरून बोट फिरवले.

मित्रांनो, आम्हाला पुसा, ओलीपासून जपा, हे कुठलीही जुनी वस्तू सांगेल. मी एवढेच सांगतो. थकलेल्या हातातले पेन काढून घेण्याआधी एकदा दोरा लावून पाहा.