टाळी पडलेलं वाक्य

न्यायाधीशांनी तळहात दाखवला तसे दुभाषी बाईंचे दोन्ही हात हवेतच थांबले. बचावाच्या वकिलांनी दिलेला कागद त्यांनी नुकताच वाचून कठड्यावर ठेवला होता आणि त्यातलं वाक्य सांगायला बोटं उचलली होती.

"हे वाक्य गाळा, बाई," न्यायाधीश म्हणाले. "दोन्ही बाजूंनी वाचलेलं आहे. भर कोर्टात त्याचा पुन्हा उच्चार नको."

"साहेब, मी उच्चार कुठे करतेय? मी हात हलवतेय."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. बाईंना ते बऱ्याच वर्षांपासून ओळखत होते. कोर्टातले शिपाई त्यांना हातवाल्या बाई म्हणत. त्यांची आई जन्माची बहिरी. त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधीच त्या हातांनी बोलायला शिकल्या होत्या आणि त्याच विद्येवर पोटापाण्याला लागल्या होत्या. स्वभावाने साध्या, फक्त एका गोष्टीची त्यांना फार ऐट होती. 'माझ्याकडे चाळणी नाही' असं त्या सांगत. एकदा घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्याने बायकोला अस्सल शिव्यांची लाखोली वाहिली, तेव्हा बाईंनी एकूण एक शिवी त्या बहिऱ्या बायकोला हातांनी अशी नीट पोचवली की बिचारा कारकून मान खाली घालून टाक शोधत बसला. माणसाला ऐकू येत नाही म्हणून त्याच्या वाटचं बोलणं कमी करायचं, हे बाईंच्या लेखी चोरीसारखं होतं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आज मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे शिंपी. तेही जन्मापासून बहिरे, वय सत्तरीच्या घरात, अंगात स्वतः शिवलेलं करडं जाकीट. राहायला कालव्यापलीकडे आणि दुकान अलीकडे बाजारात, त्यामुळे अख्ख्या गावाची मापं त्यांच्या टेपवरून गेलेली. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. सही येत होती, आकडे येत होते. बाकी कुठलाही कागद त्यांना कोराच.

आणि खटला त्यांच्याच नावाने चालला होता. गेल्या वर्षी बाजाराच्या सभागृहात दुकानांच्या जागांबद्दल सभा झाली. आत्ता आरोपीच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसलेला पुढारी तिथे बोलायला उभा राहिला आणि बोलता बोलता कालव्यापलीकडच्या लोकांवर घसरला. ते वाक्य तेव्हाचं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आठ दिवसांच्या आत पलीकडच्या वस्तीवर दगड आले आणि दोन दुकानं जळाली. द्वेष पसरवणाऱ्या बोलण्याविरुद्धचा कायदा नवाच होता. त्याखाली तक्रार करायला सभेला हजर असलेला पलीकडचा माणूस हवा होता, आणि तसे एकटे मास्तरच निघाले. मुलाने त्यांचा हात धरून त्यांना ठाण्यावर नेलं, सही घेतली.

पण ते वाक्य काय होतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी 'आक्षेपार्ह विधान' एवढंच छापलं, कारण जास्त छापलं तर तेच कलम त्यांच्यावर यायचं. वकील म्हणाले, आपल्या लोकांचा अपमान झाला. मुलाने घरी हातांनी सांगितलं, वाईट बोलला. मास्तर मान डोलवत राहिले. मुलगा शिकलेला, कर्तासवरता. तो म्हणतोय तर असेल.

आज बचावाच्या वकिलांनी भिंतीवरच्या पडद्यावर सभेची चित्रफीत दाखवली. न्यायाधीशांच्या हुकमाने आवाज बंद ठेवला होता. त्यामुळे त्या दिवशी मास्तरांनी जशी सभा पाहिली तशीच आज सगळ्या कोर्टाने पाहिली. पुढाऱ्याचं तोंड हललं, बोट वर गेलं, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. पहिल्या रांगेत करड्या जाकिटातले मास्तर शेजारच्याकडे बघून हसले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनापासून वाजवल्या. वकिलांनी चित्र तिथेच थांबवलं.

"हे तुम्हीच ना, मास्तर?"

मास्तरांनी पडद्यावरचं आपलं जाकीट ओळखलं आणि थोडं कौतुकाने मान हलवली.

"ज्या वाक्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्याच वाक्याने तुमच्या भावना दुखावल्या?"

बाईंनी हा प्रश्न हातांनी सांगितला तेव्हा मास्तरांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी विचारलं, कुठलं वाक्य? म्हणून वकिलांनी कागद पुढे केला होता, आणि म्हणून न्यायाधीशांचा तळहात वर गेला होता.

"साहेब, खुद्द फिर्यादीला वाक्य माहीत नसेल तर तो उत्तर काय देणार?" बचावाचे वकील म्हणाले. "आमची काही हरकत नाही. आम्ही पहिल्यापासून हेच म्हणतोय. माझ्या अशिलाने मत मांडलं. कडू असेल. पण कडू बोलायला बंदी आली की खरं बोलायला बंदी यायला किती वेळ लागतो?"

"पलीकडची दोन दुकानं मतभेदाने जळली का?" सरकारी वकील ताडकन उठले. "साहेब, म्हातारा माणूस आहे. ज्या शब्दांपासून कायदा त्यांना वाचवू पाहतोय तेच शब्द आपण त्यांच्या तोंडावर मारायचे?"

"भाषणं पुरेत," न्यायाधीश म्हणाले. "आणि हा कायदा एका बाजूचा आहे असं कुणी समजू नका. हे कलम माणूस बघत नाही. जो असं बोलेल त्याला लागेल, या खोलीत बोलला तरी लागेल."

बाई हे सगळं मास्तरांना हातांनी सांगतच होत्या. एवढ्यात मागच्या बाकावरून मास्तरांचा मुलगा उभा राहिला. त्याला या कोर्टात कसं बोलायचं ते ठाऊक नव्हतं. तो सरळ बाईंशीच बोलला.

"बाई, नका सांगू त्यांना. आम्ही वर्षभर जिवापाड जपलंय."

बाईंना वाईट वाटलं. पण पिंजऱ्यातले मास्तर आळीपाळीने सगळ्यांच्या ओठांकडे बघत होते, दुकानाच्या बंद दाराशी ताटकळलेल्या गिऱ्हाइकासारखे, आणि ते बाईंना त्याहूनही असह्य होत होतं.

"साहेब, मी शपथ घेतलीय. इथे जे असेल ते सगळं पोचवीन अशी. गाळायचं असेल तर दुसरं कुणी बघा. माझ्याच्याने नाही व्हायचं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सांगा," ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं. ही माणसं नव्हेत. उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावरून कुरतडत मनगटापर्यंत गेली. वाळवी आहे. वाळवीला कुणी समजावत बसत नाही. मग दोन्ही हात छपरासारखे जुळले आणि त्याखालून धूर वर आला. घराला धुरी देतात.

मास्तरांना प्रथम कळलंच नाही. दुकानातल्या लाकडी फळीला वाळवी लागली होती, तेच त्यांच्या डोक्यात आलं असावं.

"कुणाच्या घराला?" त्यांनी हातांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्या छातीकडे बोट दाखवलं आणि मग हात लांब फिरवला. तुम्ही. पलीकडचे सगळे.

मास्तर वळून पडद्याकडे बघू लागले. तिथे ते अजून हसत होते आणि त्यांचे हात अर्धवट जुळलेले होते. वर्षभरात पलीकडचं एकही माणूस दुकानात कापड टाकायला आलं नव्हतं. सख्ख्या चुलत भावाने मुलीच्या लग्नाचे कपडे दुसरीकडे शिवून घेतले होते. तयार कपड्यांचे दिवस आलेत, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली होती. आता त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

मुलाचे हात जेमतेम उठले. "तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा."

"काय म्हणतायत ते?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाईंनी बापलेकाचं बोलणं जसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. रीतीप्रमाणे त्यांनी दोघांचंही बोलणं स्वतःचंच असल्यासारखं सांगितलं. बोलणारा जे म्हणतो ते दुभाष्याच्या तोंडून 'मी' म्हणूनच यायचं. टंकलेखक मुलीची बोटं खटखट चालत होती. बचावाच्या वकिलांनी आपला पुढचा प्रश्न खिशात घातल्यासारखा केला आणि ते खाली बसले. एवढी लाज त्यांनाही होती.

"मास्तर," न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले. ऐकू न येणाऱ्याशीही माणूस का कोण जाणे हळू बोलतो. "तुम्हाला काय सांगायचंय ते सावकाश सांगा. कोर्ट ऐकतंय."

बाईंनी ते सांगितलं. मास्तरांनी जाकिटाची बटणं लावली. न्यायाधीशांकडे न बघता ते आरोपीच्या बाकाकडे वळले आणि त्यांचे हात चालू लागले. सुई धरून ताठरलेली बोटं, पण एकही खूण अडखळली नाही.

तुझ्या गळ्याचं माप मला पाठ आहे. तुझ्या बापाचं होतं, तुझ्या पोरांचंही आहे. तुम्ही सगळे सारखेच. तुमची घरं पेटतील. पोराबाळांसकट पेटतील. मी समोर उभा राहीन आणि टाळ्या वाजवीन. या वेळी समजून वाजवीन.

हात थांबले. मास्तरांखेरीज खोलीत त्या खुणा कळणारे दोघेच होते. मुलगा अर्धवट उठला होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो बाईंकडे बघत होता. सरकारी वकिलांनी पेन उघडून धरलं होतं. टंकलेखक मुलीची बोटं वाट बघत होती. पुढारी किंचित पुढे झुकला होता. आपल्याबद्दल काय बोललं गेलं हे न कळण्याची पाळी त्याच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली होती.

"बाई?" न्यायाधीश म्हणाले.

बाईंनी घसा साफ केला. वाक्य त्यांच्या जिभेवर आलेलं होतं, 'मी'सकट. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग टंकलेखक मुलीच्या बोटांकडे. त्यांनी कठड्यावरचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि पुन्हा ठेवला.

"या शब्दांनी मला फार दुःख झालं," त्या म्हणाल्या. "असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये."

टंकलेखक मुलीने ते टिपून घेतलं. न्यायाधीशांनी सावकाश मान हलवली, त्यांचे डोळे थोडे ओलावले होते. सरकारी वकिलांनी समाधानाने पेन बंद केलं. पुढारी मागे टेकून बसला आणि मनगटावरचं घड्याळ सारखं करू लागला. मुलगा मटकन खाली बसला. त्याने बाईंकडे असं पाहिलं, जणू तो जन्मभर उपकार फेडत राहील.

मास्तर मात्र उत्तराची वाट बघत उभे होते. त्यांनी पुढाऱ्याचा चेहरा नीट निरखला. मग न्यायाधीशांचा. मग दोन्ही वकिलांचा, एकेक करून. आयुष्यभर त्यांनी माणसांचे चेहरेच वाचले होते, आणि आपण जे बोललो ते ऐकून माणसाचा चेहरा कसा व्हायला हवा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सगळ्यात शेवटी ते बाईंकडे वळले.

बाईंना नजर वर ठेवावीच लागली. त्यांचं कामच तसं होतं.

"साक्षीदाराला एकच शेवटचं विचारा," न्यायाधीश म्हणाले. "त्यांचं म्हणणं नीट नोंदलं गेलं, यावर त्यांचं समाधान आहे ना?"

बाईंनी हात वर केले आणि प्रश्न सुरू केला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.