तीन, अकरा, सात, एक

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी तोंड वाकडं करायला नको. त्या दिवशी सकाळपासून मी रावेतच्या आमच्या ऑफिसात चौथ्यांदा म्हणत होते, "अरे, आपण माणसांवर नजर ठेवत नाही, कॉम्प्युटरवर ठेवतो!" आणि ओंकार, म्हणजे माझा साहेब, चौथ्यांदा म्हणत होता, "मला कशाला सांगतेस, माहेनूर? त्यांना सांग."

ते म्हणजे चाकणच्या एका कारखान्यातले कामगार. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात. शेडमध्ये तपासणीची चौदा मशीन आहेत आणि प्रत्येकाशेजारी एकेक जुना कॉम्प्युटर. महिन्यापूर्वी मी स्वतः जाऊन त्या चौदाही कॉम्प्युटरांत एक छोटा प्रोग्राम टाकला. कोणत्या प्रोसेसरवर किती भार पडलाय, ते तेव्हापासून मला वीस किलोमीटरवर बसून दिसायला लागलं. चौदा कॉम्प्युटर, चौदा रेघा. रेघ खाली असली की सगळं निवांत, शंभरला टेकली की बिचाऱ्याचा दम निघालाय. माझ्या डोक्यातून निघालेलं आणि माझ्याच हातांनी बसवलेलं हे पहिलं काम होतं. मला त्याचं फार कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

पण कामगारांत कुजबुज सुरू झाली. ही पोरगी तिकडे बसून कोण किती हात चालवतो ते मोजते, उद्या नावं वर जाणार. शेवटी प्लांट मॅनेजर कुलदीप सरांनी तोडगा काढला. खंडेनवमीची पूजा झाली की सगळे एकत्र जमतात. तेव्हा हात वर करून ठरवायचं, प्रोग्राम ठेवायचा की काढून टाकायचा. आणि आज खंडेनवमी होती.

दरवर्षी त्या दिवशी मशीन बंद ठेवतात आणि मग पूजा करतात. यंदा एक ऑर्डर दुपारीच निघायची होती, म्हणून मशीन चालू ठेवूनच पूजा करायचं ठरलं होतं.

अकराला दहा कमी असताना तीन नंबरची रेघ चढायला लागली. साठ, ऐंशी, शंभर. म्हटलं, उतरेल. उतरली नाही. मग अकरा नंबर चढला. मग सात. मग एक.

"ओंकार!"

तो खुर्चीसकट घरंगळत आला. स्क्रीन पाहून त्याचा चेहराच उतरला. "व्हायरस. एकातून दुसऱ्यात चाललाय. नेटवर्क तोड सगळ्यांचं."

"तोडलं तर तपासणीचे निकाल सर्व्हरला जाणार नाहीत. लाइन थांबेल. आजच्या दिवशी!"

"आणि नाही तोडलं तर?"

तर चौदाच्या चौदा जातील. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात नऊ नंबरनेही शंभरी गाठली.

"पाच मिनिटं दे," मी म्हटलं.

"दोन देतो."

मी कागद ओढला आणि नंबर लिहून काढले. तीन, अकरा, सात, एक, नऊ. व्हायरस असता तर भराभर पसरला असता, नाहीतर नंबराने तरी गेला असता. हा असा वेडावाकडा का चाललाय? कागदाकडे बघता बघता माझी ट्यूब पेटली. ही ओळ मला पाठ होती! कॉम्प्युटरांना नंबर दिलेत ते खरेदीच्या तारखेप्रमाणे. पण शेडच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला पहिला आहे तो तीन नंबर. त्याच्यापुढे अकरा, मग सात, मग एक. प्रोग्राम टाकायला मी त्याच वाटेने फिरले होते.

"ओंकार, हा व्हायरस नाही, हा माणूस आहे! कोणीतरी रांगेने चालतंय!"

शेडमधला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, आणि पूजेच्या घंटेच्या आवाजासोबत कोणीतरी खेकसलं, "ह्यालो! कोन?"

दत्तोबा काका. शेडमधले सगळ्यात जुने कामगार. त्यांच्या शब्दाबाहेर तिथे कोणी जात नाही.

"काका, मी माहेनूर, रावेतहून."

"तू व्हय! अगं काय करून ठिवलंस? मशीन लई स्लो झाली. पोरं बोंबलत्यात. समदी म्हनत्यात, तुझ्या प्रोग्रामनंच कॉम्प्युटर बंद पडाया लागलं."

माझं डोकं असं सणकलं! पण भांडायला वेळ कुठे होता? सहावी रेघ चढत होती.

"काका, पूजा कोण करतंय?"

"मीच की. निम्मी झालीया."

"कॉम्प्युटरची पण?"

"मग? ती काय सावत्र हायेत? डब्याला नवा लाल खण गुंडाळला, वरनं झेंडूचा हार बांधला. स्क्रीनला बांधला आसता तर आकडं झाकलं आसतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. डब्याच्या पुढच्या जाळीतून पंखा हवा आत ओढतो. हवा कोंडली की प्रोसेसर तापतो. तापला की जळू नये म्हणून तो आपोआप हळू चालतो, आणि मग रोजचंच काम त्याला झेपत नाही. तापमान सांगायची सोय त्या जुन्या डब्यांत नव्हती. मला नुसता भार दिसत होता.

आता हे सांगायचं कसं? मी दापोडीच्या हनीफ मेकॅनिकची मुलगी माहेनूर. मी खंडेनवमीच्या दिवशी म्हणणार, पूजेचे हार काढा? आणि अर्ध्या तासाने हीच माणसं माझा फैसला करणार? ओंकारने हात पुढे केला, "दे, मी बोलतो." मी फोन सोडला नाही. काम मी केलं होतं, बोलणारही मीच.

"काका, राग मानू नका. कॉम्प्युटर पुढच्या जाळीतून श्वास घेतो. खणाने त्याचं नाक दाबलं गेलंय. खण आणि हार डब्याच्या डोक्यावर ठेवाल का? जाळी तेवढी मोकळी राहू द्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयला," दत्तोबा काका म्हणाले. "पूजाबी करायची आन् नाकबी दाबायचं! थांब."

रिसीव्हर टेबलावर आदळला. आम्ही दोघं स्क्रीनला नाक लावून बसलो. तीन नंबर शंभर. शंभर. अजून शंभरच. मग एकदम नव्वद, सत्तर, चाळीस. मग अकरा नंबर घसरला.

"चालले! ओंकार, बघ, काका चालले!" मी खुर्चीवरून उठून ओरडत होते. सात उतरला. एक उतरला. नऊपाशी जरा वेळ लागला, गाठ घट्ट बसली असणार. तीही सुटली. वीस किलोमीटरवरून मला त्यांचं पाऊल न् पाऊल कळत होतं. सहावी रेघ खाली आली तेव्हा ओंकारने टेबलावर अशी मूठ आपटली की माझा चहा कीबोर्डवर गेला. मला तेव्हा कशाचंच काही वाटलं नाही.

अर्ध्या तासाने कुलदीप सरांचा फोन आला. "माहेनूर, स्पीकरवर आहेस. सगळे जमलेत. अकराच्या सुमाराला लाइन स्लो झाली होती. लोक म्हणतात तुमच्या प्रोग्राममुळे."

"नाही सर. कॉम्प्युटरांची हवा कोंडली होती. वेळीच कळलं, लगेच मोकळी झाली."

"कोंडली कशी? कोणी केलं?"

नाव जिभेवर होतं. घेतलं असतं तर माझ्यावरचा ठपका तिथल्या तिथे पुसला गेला असता. पण मग कामगारांचंच खरं ठरलं असतं.

"सर, माझ्या स्क्रीनवर कॉम्प्युटर दिसतात," मी म्हटलं. "माणसं दिसत नाहीत."

"खोटं बोलती सायेब ती!" दत्तोबा काकांचा आवाज आला. "खण मीच गुंडाळलं. तिला समदं ठावं हाय. तरी नाव घेत न्हाई बगा."

तिकडे हशा पिकला. सरांनी तो थांबू दिला. "बरं. ज्यांना प्रोग्राम ठेवायचाय त्यांनी हात वर करा."

मी स्क्रीनकडे पाहिलं. चौदाही रेघा खाली होत्या. मघाशी काकांचं पाऊल न् पाऊल कळलं होतं, आता मात्र एकाचाही हात मला दिसत नव्हता. मला धीर धरवेना.

"काका!" मी ओरडलेच. "किती?"

"माझं तर दोन्ही वर हायेत," दत्तोबा काका म्हणाले. "बाकीचं मोजतुया. थांब गं जरा, संपंनात."