ॲर्डिसच्या गळ्यातला स्टेथोस्कोप

मित्रांनो, दवाखान्यातल्या खिळ्याला टांगलेला हा जुना स्टेथोस्कोप तुमच्याशी बोलतो आहे. माझी नळी आता कडक झाली आहे, पण आठवणी शाबूत आहेत.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका रुग्णालयात ॲर्डिस नोवाक परिचारिका होती. अकरा वर्षे मी तिच्या गळ्यात होतो. आम्ही ऐकायचो आणि ती डॉक्टरांना कळवायची. "ॲर्डिसचे कान चुकत नाहीत," असे लोक म्हणत. त्यात माझाही वाटा आहे, असे मला वाटे.

मग आमच्या गावच्या दवाखान्यातल्या बर्निसबाई निवृत्त व्हायला निघाल्या. त्या नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासून औषध लिहून देणाऱ्या परिचारिका. त्यांच्या जागी कोणी आले नाही, तर दवाखान्याला टाळे लागणार होते. सगळ्यात जवळचा डॉक्टर सत्तर मैलांवर, ॲर्डिसच्या रुग्णालयातच! ॲर्डिसने ते शिक्षण घ्यायचे ठरवले.

आधी संगणकावरचे धडे होते. घरी इंटरनेट धड चालेना, म्हणून शनिवारी सकाळी ती वाचनालयाबाहेर गाडीत बसून शिके. हृदयाचे ठोकेसुद्धा हेडफोनमधून ऐके. मी शेजारच्या सीटवर पडून असे. फार वाईट वाटायचे.

पुढे चार दिवस विद्यापीठात जायचे होते. तिथे रोग्याचे सोंग घेतलेल्या माणसांना तपासायची परीक्षा होती. ॲर्डिसने आजार अचूक ओळखला आणि सवयीने म्हणाली, "थांबा हं, डॉक्टरांना कळवते."

"अगं, कुणाला कळवतेस?" परीक्षक बाई म्हणाल्या. "आता ठरवायचं तूच!"

ती नापास झाली. परीक्षा पुन्हा द्यायची एकच संधी उरली. परतताना ती वाटभर रडली.

त्यानंतर बर्निसबाईंच्या हाताखाली प्रत्यक्ष काम सुरू झाले. एके सकाळी एमेट नावाचा म्हातारा गुरेवाला आला.

"मला काही झालेलं नाही. पायऱ्या चढताना जरा दम लागतो, एवढंच. बायकोनं पिटाळलंय."

ॲर्डिसने मला त्याच्या छातीवर टेकवले. दर ठोक्याबरोबर आत खरखर होत होती. तिने बर्निसबाईंकडे पाहिले.

"तुम्ही ऐकता एकदा?"

"ऐकेन. आधी तू बोल." आणि त्या खिडकीबाहेर बघत गप्प उभ्या राहिल्या.

ॲर्डिस एमेटकडे वळली. "एमेटकाका, हृदयाची झडप अरुंद झालेली दिसतेय. आज गुरांकडे जायचं नाही. मी आत्ताच मोठ्या रुग्णालयात तुमची सोय करते."

मग बर्निसबाईंनी स्वतः ऐकले आणि नुसती मान डोलावली. एमेटची शस्त्रक्रिया झाली, तो वाचला. दुसऱ्या खेपेला ॲर्डिस परीक्षाही पास झाली आणि बर्निसबाईंच्या जागी काम करू लागली.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसलेत तर आनंदच आहे. पण त्याहून मोठी विनंती ही, की शिकणाऱ्याच्या हातातले काम घाईने काढून घेऊ नका. त्या सकाळी बर्निसबाई दोन मिनिटे गप्प राहिल्या, म्हणून आमचा दवाखाना आज उघडा आहे.