राक्षसाला चालेल

आप्पासाहेबांनी मुकुटाच्या कडेवरून नख ओढलं. सोनेरी रंगाचा एक पापुद्रा सुटून त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर पडला आणि खालचं काळं उघडं झालं. त्यांनी ते बोटाने दाबून पाहिलं. ते दबलं आणि पुन्हा वर आलं.

"ह्ये कशाचं म्हणायचं?"

"चपलेची शीट आहे," भाग्यश्री म्हणाली.

आपण काही विशेष बोललो असं तिला वाटलंही नाही. तिच्या घरात त्या वस्तूला दुसरं नावच नव्हतं. तिचे वडील संभाजी पंचवीस वर्षं स्वारगेटच्या बसथांब्यापाशी चपला-बूट दुरुस्त करत होते, आणि तळव्याला लावायची ही जाड, हलकी शीट ती रांगत होती तेव्हापासून पाहत आली होती. परदेशातली मुलं याच शीटला एक भारदस्त इंग्रजी नाव देऊन तिची चिलखतं बनवतात, हे तिला कॉलेजात असताना मोबाईलवर दिसलं, तेव्हा ती हसली होती आणि मग स्वतःच करायला लागली होती. ते इंग्रजी नाव तिने आत्ता घेतलं असतं तर आप्पासाहेबांनी मान डोलावून चहा मागवला असता.

चहा आला नाही. नवप्रकाश तरुण मंडळाच्या कार्यालयात बसलेले पाच-सहा जण मुकुटाकडे बघत राहिले. मंडळाच्या नावात 'तरुण' होतं आणि अध्यक्ष आप्पासाहेब एकाहत्तर वर्षांचे होते. धायरी गाव होतं तेव्हाची त्यांची जमीन, आता तिच्यावर त्यांच्याच तीन इमारती होत्या आणि त्यातल्याच एका गाळ्यात हे कार्यालय. यंदा गणपतीत महिषासुरवधाचा जिवंत देखावा करायचं ठरलं होतं. शहरातल्या ड्रेसवाल्याने पाच जणांच्या पोशाखाचं भाडं सांगितलं तेव्हा मंडळाने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि मग कुणाला तरी मागच्या गल्लीतली भाग्यश्री आठवली.

तिने तीन आठवडे नोकरीवरून आल्यावर दुसरं काही केलं नव्हतं. अंगावर वर्तमानपत्र गुंडाळून मापं घेतली, शीट गरम करून गुडघ्यावर वाकवली, फेविकॉलचे चार-चार हात देऊन मग रंग मारला. तलवारी वायरमनच्या पाईपच्या होत्या आणि ढाली जुन्या टेबलफॅनच्या जाळ्यांच्या. राक्षसाचं शिंगांचं शिरस्त्राण बघून गल्लीतलं एक लहान पोर खरोखर रडलं होतं, त्याचा तिला अजून आनंद होता. पण जीव तिने ओतला होता तो देवीच्या मुकुटात. त्यावरची वेल संभाजींनी चामडं कापायच्या स्वतःच्या रापीने कोरली होती. तो मुकुट देवीच्या डोक्यावर चढलेला बघायला म्हणून त्यांनी नवा शर्ट घेतला होता. संभाजी स्वतःसाठी शर्ट घेणारे नव्हेत.

मंडळाचा सेक्रेटरी इंद्रजीत इतका वेळ देवीच्या खांद्यावरचं कवच हातात घेऊन बसला होता. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि हात पँटला पुसला. नुसता सवयीने पुसावा तसा पुसला, पण भाग्यश्रीने पाहिलं.

"वापरलेली?" त्याने विचारलं.

"नवी. अजून कुणाच्या पायाखाली गेलेली नाही."

"तसं न्हाय गं पोरी," आप्पासाहेब म्हणाले. "आमचं काय न्हाय. आम्ही असलं काय मानत न्हाय. पण लोकं असत्यात."

'आमचं काही नाही' हे वाक्य ज्यांचं काही असतं तेच म्हणतात. आप्पासाहेबांनी मुकुट टेबलावर ठेवला.

"देवीच्या डोक्यावर चपलेची वस्तू. उद्या कुणी व्हिडिओ टाकला तर मंडळाची अब्रू जाईल."

"आजोबा, पण किती हलका आहे तो," संस्कृती म्हणाली. ही आप्पासाहेबांची नात, अकरावीतली, यंदाची देवी. पाच मिनिटांपूर्वी मुकुट तिच्याच डोक्यावर होता. "परफेक्ट बसतो मला. नाचताना हलत पण नाही."

"तू गप बस."

भाग्यश्रीने मुकुट उचलून पिशवीत टाकला. मग कवच टाकलं. मग ती राक्षसाच्या चिलखताकडे वळली तसा इंद्रजीत खुर्चीतून उठला. देखावा चार दिवसांवर होता.

"अगं, सगळं कशाला नेतीस? राक्षसाचं राहू दे की."

"ते पण त्याच शीटचं आहे."

"राक्षसाला चालेल," आप्पासाहेब म्हणाले.

ते हे अगदी शांतपणे, भाव ठरवून दिल्यासारखं म्हणाले. आपण मोठेपणा दाखवला असंच त्यांना वाटलं असावं.

"आणि सैनिकांना?" भाग्यश्रीने विचारलं.

"कुणाचे सैनिक?"

"राक्षसाचे."

"मग चालेल की."

राक्षसाचं चिलखत तिने तिथेच सोडलं. ती पिशवी घेऊन बाहेर पडली ती घरी न जाता थेट बसमध्ये चढली.

स्वारगेटला संभाजी एका मुलीचा सॅंडल हातात धरून बसले होते. मुलगी एका पायावर उभी होती.

"कुठं चावतंय, माय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ते शाळेतल्या मुलीला विचारत तसाच म्हातारीलाही विचारत. चप्पल कुठे तुटली ते डोळ्यांना दिसतं, कुठे चावते ते विचारल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलीने टाचेकडे बोट दाखवलं. त्यांनी टाचेचा पट्टा सैल केला, आतून शीटचा पातळ तुकडा लावला आणि तिला दोन पावलं चालायला लावली. ती गेल्यावर त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"परत आणलास?"

"राक्षसाला चालेल म्हणाले. देवीला नाही."

संभाजी दोऱ्याला मेण लावत राहिले.

"योगाची चटई हाय म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

"का?"

"तीच शीट असती. त्या चटईवर तर लोकं पाय देऊन उभं राहत्यात. पर तिला कुणी काय म्हणत न्हाई."

"म्हणजे ते असं करणार हे तुम्हाला माहीत होतं, अण्णा?"

संभाजींनी दोरा सुईत ओवला. भाग्यश्रीला आता आप्पासाहेबांपेक्षा वडिलांचाच राग आला. माहीत असून या माणसाने तीन संध्याकाळी मान मोडून वेल कोरली, पान न् पान कोरलं, आणि वर शर्ट घेतला.

"मी राक्षसाचंही काढून आणते. नाचू देत उघडे."

"नको. त्यो रिक्षावाल्याचा सूरज दोन हप्ते झाले सराव करायलाय. त्या पोराचा काय गुन्हा?"

"आणि आपला काय गुन्हा?"

त्यांनी मुकुट पिशवीतून काढला, नखाने गेलेल्या रंगावरून अंगठा फिरवला आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळला. ठेवायला जागा शोधली. आजूबाजूला सगळी पायताणं होती. शेवटी त्यांनी तो डोक्यावरच्या खिळ्याला टांगला.

"मी मात्र येत न्हाई बघाय," ते म्हणाले.

देखाव्याच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पहिला खेळ झाला. भाग्यश्री पडद्यामागे होती, कारण राक्षसाच्या चिलखताचे बंद तिच्याशिवाय कुणाला बांधता येत नव्हते. यायचं नाही असं तिनेही ठरवलं होतं. पण सूरज घरी येऊन दारात उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावर नाही म्हणणं तिला जमलं नाही.

सूरज शिंगांचं शिरस्त्राण घालून स्टेजवर आला आणि रस्त्यावरच्या गर्दीतले सगळे मोबाईल एकदम वर झाले. चिलखत खरं लोखंडाचं आहे की काय, यावरून पुढच्या रांगेत दोन माणसांची जुंपली. देवी मागून आली. तिच्या डोक्यावर ड्रेसवाल्याकडून आणलेला मुकुट होता. पत्र्याचा, जड, आतल्या पट्टीला आजवर कुणाकुणाच्या डोक्याचा घाम लागलेला. पण पत्र्याचा होता म्हणून तो पवित्र होता. फलकावर 'वेशभूषा : भाग्यश्री संभाजी' असं छापलेलं होतं. 'वेशभूषा'च्या पुढे कुणीतरी 'साहाय्य' अशी चिठ्ठी चिकटवली होती.

दुसऱ्या खेळात त्रिशूळ उचलला गेला आणि मुकुट देवीच्या नाकावर आला. लोक हसले. महिषासुर गुडघ्यावर बसून मरण्याची वाट बघत राहिला. देवीने एका हाताने मुकुट सावरला आणि दुसऱ्या हाताने त्याला कसंबसं मारलं.

पडदा पडल्यावर संस्कृती आत येऊन खुर्चीत बसली. तिने मुकुट काढला तेव्हा कपाळावर भुवईपासून भुवईपर्यंत लाल वळ उठला होता आणि एका बाजूला कातडी सोलली होती. कुंकवाचा रंग कुठे संपतो आणि रक्त कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"मी नाही परत घालणार हा," ती म्हणाली. ती रडत नव्हती, चिडली होती. "ताईचा आणा, नाहीतर मी तशीच जाते."

इंद्रजीतने आत रुमाल कोंबून पाहिला. तो लगेच खाली पडला. बाहेर माईकवर 'पुढचा खेळ थोड्याच वेळात' असं तिसऱ्यांदा सांगून झालं. आप्पासाहेब भाग्यश्रीजवळ आले.

"पोरी, ह्याला आतनं जरा कायतरी लावून दे."

"काय लावू?"

"त्ये आपलं… मऊ असतंय त्ये. फोम."

"आमच्याकडे फोम नसतो."

"अगं, तुझ्या मुकुटाला होतं त्येच."

"त्याला काय म्हणतात?"

आप्पासाहेबांनी मागे पाहिलं. इंद्रजीत मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता.

"चपलेची शीट," ते हळू म्हणाले.

"देवीच्या डोक्याला?"

"आतनं हाय गं. दिसत न्हाय कुणाला."

तेव्हा मात्र भाग्यश्रीला इतका संताप आला की हातातला चिलखताचा बंद तिने तीनदा सोडून पुन्हा बांधला. देवीला चालत नाही असं नव्हतंच. देवीला कुणी विचारलंच नव्हतं. दिसायला नको, एवढंच सगळं होतं. तिच्या मनात आलं, सरळ नाही म्हणावं, बॅग उचलावी आणि जावं. समोर संस्कृती कपाळावर ओला कापूस धरून तिच्याकडे बघत होती.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "माप घेऊन बसवायचं काम माझ्या वडिलांचं आहे. मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर राहतो आम्ही. ते आत्ता घरीच असतील."

"इंद्रजीत, पळ रे—"

"इंद्रजीतदादा नको," भाग्यश्री म्हणाली. "तुम्ही जा."

आप्पासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. अशा आवाजात त्यांच्याशी बोललेलं माणूस त्यांना चटकन आठवलं नसावं. भाग्यश्रीने नजर हटवली नाही. मग आप्पासाहेबांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि ते मागच्या बाजूने खाली उतरले.

बाहेर गाणी लावली गेली. गर्दीतली मुलं स्टेजच्या कडेला येऊन सूरजबरोबर फोटो काढून घेऊ लागली. पंधरा मिनिटं गेली असतील.

आधी आप्पासाहेब आले, धापा टाकत. मागून संभाजी आले. त्यांनी पडद्याबाहेर चपला काढल्या. त्यांच्या अंगात नवा शर्ट होता, घडीच्या रेघा अजून तशाच दिसणारा. घरी बसल्या बसल्याच त्यांनी तो घातला असला पाहिजे. भाग्यश्रीने तोंड फिरवलं.

ते देवीच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले, पिशवीतून रापी आणि शीटचा तुकडा काढला, मुकुट उलटा करून दोन गुडघ्यांच्या मध्ये धरला आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे अंधार होता. आप्पासाहेबांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि वाकून धरला.

संभाजींनी मान वर केली. हातात त्रिशूळ घेतलेली देवी त्यांच्याकडे बघत होती.

"कुठं चावतंय, माय?" त्यांनी विचारलं.